उमेद उरली नसताना विश्वासानं तग कसा धरायचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सलग तीन हंगाम हातचे गेले, बँकेचं पीककर्ज थकलं, वरून सावकाराचे पैसे. मिस्टर रात्र-रात्र जागे असतात, कोणाशी बोलत नाहीत, चर्चला येणं बंद झालं. ताई स्वतः प्रार्थनेला बसतात, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मंडळीतले म्हणतात, विश्वास ठेवा. विश्वास आहेच, त्यातून सोसायची उमेद आणायची कशी, हे कोणी सांगत नाही.

ताई, उमेद येईल मग उठू, अशी वाट पाहू नका. पवित्र शास्त्रातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलानं लावलेला क्रम बघा: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आशा शेवटी येते. आपण उलटं धरून बसतो. आधी मनाला उभारी वाटावी, मग प्रार्थना करू, मग शेताकडे बघू. ती उभारी येत नाही आणि माणूस स्वतःलाच म्हणतो, माझा विश्वास मेला. विश्वास मेलेला नसतो. आजच्या दिवसापुरतं काय करायचं, हे ठरलेलं नसतं, एवढंच. हेच लिहिणारा पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात कबूल करतो की आशियात त्याच्यावर एवढा भार आला की जगण्याचीही आशा उरली नव्हती. त्यानं ते लपवलं नाही, तुम्हीही लपवू नका.

पण त्याआधी एक तपासून घ्या, कारण यात उशीर चालत नाही. मी नसलो तर सगळं सुटेल, अशा अर्थाचं मिस्टर काही बोलतात का? सातबारा, पासबुक, विम्याचे कागद काढून तुम्हाला समजावून सांगतात का? खूप दिवसांच्या घालमेलीनंतर एकाएकी शांत झालेत का? पिणं वाढलंय का? यातलं काहीही दिसलं तर सरळ शब्दांत विचारा, ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून बहुतेक माणसं मोकळी होतात. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथं घेऊन जा.

आणि उत्तर काहीही येवो, फवारणीच्या औषधांचे आणि तणनाशकाचे डबे आजच घराबाहेर काढा. गोठ्यात आढ्याला टांगलेला डबा म्हणजे घरातच ठेवलेला डबा. विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. मरणाचा झटका बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात विष हाताशी नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तरीही कोणी औषध घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढायला लावू नका, प्रार्थनेसाठी माणसं गोळा करत बसू नका. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी घ्या आणि औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. प्रार्थना गाडीत होते.

आता विश्वासाकडे येऊ. 1 राजे 19 वा अध्याय आज रात्री वाचा, मिस्टर ऐकत असतील तर मोठ्यानं. एलीयासारखा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर जिंकलेला, ईजबेल राणीच्या एका धमकीनं पळतो, रानात झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता माझा प्राण घे. देव काय करतो? रागावत नाही, वचन ऐकवत नाही, विश्वास कुठं गेला असंही विचारत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, वाट तुला झेपण्यापलीकडची आहे. मग चाळीस दिवसांची चाल, आणि होरेब डोंगराला पोचल्यावर देवाचा प्रश्न, तू इथं काय करतोस? भाकर आणि झोप आधी, बोलणं नंतर. त्यानंतर देव त्याला तीन कामं देतो, अलीशा हा सोबती देतो आणि सांगतो की तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत.

तुमच्या घरात हाच क्रम लावा. रात्रीचं जेवण आठच्या आत, भाकर-वरण का असेना. दुपारी चारनंतर चहा नको. निजायची वेळ ठरलेली नसली तरी चालेल, पण उठायची वेळ रोज एकच ठेवा. झोप वळणावर येते ती उठण्याच्या वेळेनं. सकाळी उन्हात धुऱ्यापर्यंत चक्कर, काम नसलं तरी. याला अध्यात्म म्हणत नाहीत हे खरं, पण दूतानं नेमकं हेच केलं.

आणि या दिवसांत मिस्टरांना उपास करायला लावू नका. आपल्याकडे संकट आलं की उपासप्रार्थना लावायची सवय आहे. ती चांगली आहे, पण ज्याचं जेवण आधीच तुटलंय त्याच्यासाठी नाही. साखरेची बिमारी असलेल्यांनी, गरोदर बाईनं आणि त्या दिवशी पाठीवर पंप घेऊन फवारायला जाणाऱ्यानं तर मुळीच करू नये. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना कोरडा उपास म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. रात्रभराच्या जागरणसभेचंही तेच. ज्याला झोप नाही त्याला जागरणाला बसवणं म्हणजे दुखण्यावर दुखणं. घरातल्या धडधाकट माणसांनी त्यांच्या वतीनं एक वेळ जेवण सोडावं आणि वाचलेल्या वेळात त्यांच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, डवऱ्याचा फेर द्यावा. दुसऱ्याचं ओझं हलकं करणं हाच खरा उपास, असं सांगणाऱ्या यशयाच्या 58 व्या अध्यायात हा उपास बसतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या घ्यायच्या. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत काही वाटलं नाही म्हणून, किंवा महिन्यानं बरं वाटलं म्हणून, आपल्या मनानं बंद करू नका. ‘गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी’ असं सांगणारा कोणी भेटेल. लूक स्वतः वैद्य होता, आणि पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्याच्यावर उपदेश केला नाही. (हे वचन पिणाऱ्यांना मात्र तोंडपाठ असतं. थोडा आणि पोटासाठी, हे दोन शब्द त्यांच्या पाठांतरातून गळतात.)

प्रार्थनेत शब्द फुटत नाहीत म्हणता, त्याचं कारण मला वाटतं असं की तुम्ही आभारानं सुरुवात करायला बघता आणि आभार आत नाहीत. तर तक्रारीनं सुरू करा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत; हा प्रकार देवानंच आपल्या हाती दिलाय. 13 वं स्तोत्र घ्या, सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर’ असा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोन ओव्यांत मागणं. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. याच साच्यावर स्वतःची प्रार्थना करा, वहीत लिहा किंवा शेतात कोणी नसताना मोठ्यानं म्हणा. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

तक्रार गोलमोल नको. ‘प्रभू, खूप त्रास आहे’ यानं काही हलत नाही. असं म्हणा: ‘प्रभू, तीन एकरांतलं सोयाबीन पाण्यात गेलं. दुबार पेरलं तेही गेलं. कृषी केंद्रवाला काल चार माणसांसमोर बोलला. ह्यांनी दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. मला तुझा राग आलाय. अजून किती दिवस?’ मग मागणं, तेही ठरीव: ‘या आठवड्यात ह्यांना एक रात्र झोप दे. बँकेच्या साहेबासमोर माझी जीभ अडखळू देऊ नको.’ ठरीव मागितलं की शनिवारी बघता येतं, काय मिळालं आणि काय नाही. ‘आमचं भलं कर’ असं मागितलं तर ते मिळालं की नाही हे कधीच कळत नाही आणि देव ऐकत नाही असंच वाटत राहतं.

यात चूक होते ती तिसऱ्या भागावर उडी मारण्याची. रविवारी साक्ष द्यायची असते, चेहरा ठीक ठेवायचा असतो, म्हणून तक्रार गिळून माणूस थेट ‘तरी देव चांगला आहे’वर येतो. गिळलेली तक्रार रात्री दोन वाजता वर येते. ज्या दिवशी भरवशाच्या ओव्या जिभेवर येणारच नाहीत, त्या दिवशी 88 वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाच उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. येशूनं वधस्तंभावर 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडून म्हटली, तीही तक्रारच होती.

लोक काय म्हणतात त्याचा वेगळा त्रास असतो, तो नीट वेगळा काढा. गावातले म्हणतील, घरचे देव सोडले म्हणून असं झालं. मंडळीतला कोणी म्हणेल, घरात काहीतरी पाप असेल, कबूल करा. दोघांचा हिशेब एकच आहे आणि येशूनं तो मोडलाय. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? तो म्हणतो, दोघांचंही नाही. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा पापी होते का, असं तोच विचारतो आणि तोच नाही म्हणतो. गुलाबी बोंडअळी तुमच्या प्रार्थनेचा हिशेब बघून बोंडात शिरत नाही. ती फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेल्या कपाशीवर, जगते; पऱ्हाटीचा हंगाम लांबवला की वाढते. तिच्यावर उपाय म्हणजे डिसेंबरनंतर फरदड न घेणं, पश्चात्ताप नव्हे. पापाची कबुली जरूर द्यावी, पण जे पाप केलंय त्याची. न केलेल्या पापाची कबुली शोधत बसणं हा, सगळं गमावलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांचा धंदा होता आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर.

याच वेळी ‘विश्वासाचं बी पेरा, देव दुप्पट देईल’ म्हणून अर्पण मागणारे उपदेशक येतात. कर्ज काढून अर्पण देऊ नका. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो, माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दान मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नव्हे. दहा रुपये ठेवले तरी पुरे, नाही ठेवले तरी प्रभूभोजनाला बसता येतं.

कर्जाबद्दल. येशू म्हणाला, ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.’ याचा अर्थ कर्जाकडे डोळेझाक असा नाही. निर्गम 16 मधला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, बघा: माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, रोजचं रोज गोळा करायचं. उद्यासाठी राखलं त्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं, म्हणजे हिशेब होता. काळजी राखून ठेवायची नाही. आजचा वाटा मात्र आज उचलायचा.

म्हणून एक वही करा. ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाला एक पान. वर नाव, मग मुद्दल, व्याज कोणत्या दरानं, आतापर्यंत काय दिलं, कागद कोणता लिहून दिला, पुढची तारीख कोणती. सावकाराच्या पानावर आकडा मांडला की डोळे उघडतात: पन्नास हजारांवर महिना शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,500, वर्षाला 18,000 आणि मुद्दल जागच्या जागी. पानाच्या तळाशी एकच ओळ: ‘या आठवड्यात काय करायचं’. बँकेच्या पानावर ती ओळ असेल, ‘कर्जाच्या पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून मागण्याचा, लेखी अर्ज देणं, पोच घेणं’. सावकाराच्या पानावर, ‘परवाना आहे का विचारणं’. कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका आणि गहाणाच्या नावाखाली खरेदीखत लिहून देऊ नका. आपल्या भागात जमिनी जातात त्या अशाच. विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात, लेखी करता येते. सावकारीपोटी जमीन लिहून घेतली असेल तर चौकशी करून ती परत देववण्याचा अधिकार 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानं जिल्हा उपनिबंधकांना आहे.

ख्रिस्ती माणसानं तक्रारी कराव्या का, असं काहींना वाटतं. नहेम्या 5 वाचा. दुष्काळात लोकांनी धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, पोरं गुलामीत गेली आणि ते ओरडले. नहेम्यानं त्यांना सोशिकपणाचा उपदेश केला नाही. त्यानं सावकारांची सभा भरवून शेतं आणि व्याज म्हणून घेतलेला शेकडा एकचा भाग परत करायला लावला. प्रार्थना करणाराच माणूस होता तो.

सोसणं म्हणजे सगळंच सोसणं नव्हे. मिस्टर पिऊन हात उगारत असतील आणि कोणी तुम्हाला ‘हाच तुमचा वधस्तंभ’ म्हणत असेल तर ते ऐकू नका. पौल दिमिष्क शहरातून टोपलीत बसून तटावरून खाली उतरला आणि पळाला. यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. टाळता येणारा मार टाळणं अविश्वास नाही. 181 ही महिलांची हेल्पलाईन आहे, तातडीला 112.

माणसांचं सांगतो. गेथशेमाने बागेत येशूनं तिघांना जवळ बोलावलं आणि माझ्यासोबत जागे राहा म्हणाला. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. पण देवाच्या पुत्रालाही सोबत मागावी लागली. तुम्ही एकटीनं मिस्टरांचा भार धरलाय, तो मोडेल. दोन किंवा तीन घरं निवडा, जास्त नको, जास्त झाली की बातमी होते. त्यातला एक तरी कास्तकार पुरुष असावा, मिस्टरांच्या वयाचा, ज्याचंही पीक गेलेलं आहे. आठवड्यातला एक वार पक्का. वेचणीच्या दिवसांत रात्री आठच्या आधी कोणी मोकळं नसतं, तेव्हा साडेआठ ते सव्वानऊ ठेवा आणि वेळेवर उठा. दिवसभर कापूस वेचलेल्या बाईला अकरापर्यंत गाणी म्हणायला बसवलं तर तिसऱ्या आठवड्याला ती येत नाही.

येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्याकडून झालेलं चांगलं काम तेवढंच, बोलायला लागले आणि बिघडलं. ‘सगळं चांगल्यासाठी होतं’, ‘अमक्याचं तुमच्यापेक्षा वाईट आहे’, ‘देव झेपेल तेवढंच देतो’ ही वाक्यं दाराबाहेर ठेवावी. त्याऐवजी हातात काहीतरी आणावं: दोन पायल्या ज्वारी, एका दिवसाची मजुरी न घेता वेचणी, बँकेत सोबत यायला मोटरसायकल.

पाठांतरासाठी आठवड्याला एकच वचन घ्या, आणि ते कामाला बांधा, वेचणीच्या तासाला किंवा भाकरी थापण्याला. मी पहिल्यांदा हबक्कूक 3:17-18 देईन. त्यात अंजीर फुलत नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडतं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठा रिकामा. एवढी नापिकी मोजून झाल्यावर ‘तरी’ येतो. नुकसान न मोजता म्हटलेला ‘तरी’ पोकळ वाटतो तो याचमुळे. दुसऱ्या आठवड्यात याकोब 5:7, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी. वाचणं जड जात असेल तर मुलांकडून मोबाईलवर मराठी पवित्र शास्त्र ऐका, किंवा रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं लावा. मिस्टर बोलत नसले तरी भजनाला ओठ हलतात का, बघा.

पंडिता रमाबाईंचं नाव मुक्ती मिशनमुळे सगळ्यांना माहीत आहे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, पुढे भाऊ, मग नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. तोवर मूळ भाषांवरून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी करण्याचं काम हातात होतं. मुलीनंतर त्यांनी ते सोडलं नाही. 1922 मध्ये त्या गेल्या, पुस्तक 1924 मध्ये छापून आलं. रोज ठरलेलं काम पुढे नेणं, याचं इतकं उघड उदाहरण मराठीत दुसरं सापडणं कठीण.

मिस्टर चर्चला येत नाहीत म्हणून त्यांना ओढून नेऊ नका आणि मंडळीसमोर त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना मागू नका. गावात तोंड दाखवायची लाज आधीच आहे, ती वाढेल. पाळकांना घरी बोलवा, सकाळी, एकट्यानं. त्यांनी अंगणात बाजेवर बसावं, चहा घ्यावा, प्रार्थना दोन मिनिटांत संपवावी आणि पुढच्या आठवड्याचा वार सांगून निघावं. कर्जाचा विषय पहिल्या भेटीत पाळकांनी काढू नये. मिस्टरांनी स्वतःहून काढला, तर तुम्ही वही आणून पुढे ठेवा.